स्टीमची ट्रेडिंग कार्डं: विकायची की बॅज करायचे?

विचारणा थोडक्यात अशी आहे. वीसेक गेम खेळून झाल्यावर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या खात्यात पासष्टच्या आसपास ट्रेडिंग कार्डं (खेळताना मिळणारी, विकता-बदलता येणारी डिजिटल चित्रं) साठली आहेत. बहुतेकांचा भाव ३ ते ५ सेंट, दोन फॉइल (चकचकीत, दुर्मीळ कार्डं), प्रोफाइलची लेव्हल ४. ही विकून टाकावीत की एकेका गेमचा पूर्ण संच जुळवून बॅज (प्रोफाइलवरचं मानचिन्ह) करावेत? गेम नुसता चालू ठेवून आणखी कार्डं काढावीत का? आणि एका अनोळखी माणसाने फॉइलसाठी भारी ऑफर असल्याचं सांगून लिंक पाठवली आहे, तिचं काय करायचं?

आधी लिंकचं बोलू. बाकी सगळीकडे चुकलात तर दोन-चार सेंट जातील, इथे अख्खं खातं जाईल. ती लिंक उघडू नका. उघडून तिथे लॉगिन केलं असेल तर लगेच पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून खातं लॉगआउट करा आणि स्टीमच्या वेब एपीआय कीच्या पानावर जाऊन तुमच्या खात्यावर एखादी की नोंदलेली आहे का ते पाहा. ही की म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला तुमच्या खात्यावर काम करू देणारी किल्ली. साध्या खेळाडूला ती कधीच लागत नाही, त्यामुळे तिथे काहीही दिसलं तर ते रद्द करायचं.

ही फसवणूक चालते अशी: बनावट लॉगिन पानावर तुम्ही नाव, पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड किंवा मान्यता देता. समोरचा त्याच्या जोरावर तुमच्या खात्यात एपीआय की नोंदवतो आणि गप्प बसतो. काही दिवसांनी तुम्ही खऱ्या मित्राशी खरा ट्रेड करायला जाता. ती ऑफर मागच्या मागे रद्द होते आणि तिच्या जागी त्याच मित्राचं नाव, तोच फोटो लावलेल्या भलत्याच खात्याची ऑफर येऊन बसते. तुम्ही सवयीने फोनवर मान्यता देता आणि वस्तू गेली. म्हणून मान्यता देताना नाव-फोटो बघण्यात अर्थ नाही, ते कोणीही उचलतं. खात्याची लेव्हल आणि ते केव्हापासून आहे, हे बघायचं. आणि खऱ्या गिऱ्हाइकाला तुमच्या लॉगिनची गरजच नसते. स्टीममध्ये प्रत्येकाचा स्वतःचा ट्रेड यूआरएल असतो, तो दिला की मित्रयादीत नसलेला माणूसही ऑफर पाठवू शकतो. तो न मागता कुठल्या तरी साइटवर या म्हणतोय, यातच सगळं आलं.

आता कार्डांकडे. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ही पद्धत मे २०१३ मध्ये बीटा (चाचणी) म्हणून सुरू केली, टीम फोर्ट्रेस २, पोर्टल २, हाफ-लाइफ २, बॉर्डरलँड्स २, डोन्ट स्टार्व्ह आणि काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह अशा सहा गेमवर. जूनअखेर ती सगळ्यांसाठी खुली झाली. मूळ ढाचा तेव्हापासून तोच आहे. एका गेमच्या संचात ५ ते १५ कार्डं असतात आणि खेळून त्यातली निम्मीच मिळतात: सहाच्या संचात तीन, नऊच्या संचात पाच. उरलेली दुसऱ्या कोणाकडून तरी घ्यावी लागतात. म्हणजे एकट्याने खेळून संच पूर्ण होणार नाही, अशीच याची आखणी आहे.

त्यात पुन्हा डबल कार्डं. नऊच्या संचातली पाच कार्डं तुम्हाला पडली (म्हणजे खेळताना मिळाली) आणि प्रत्येक कार्डाची शक्यता सारखी धरली, तर सरासरीने वेगवेगळी कार्डं चारच निघतात, पाचवं हातात असलेल्यांपैकीच एखादं असतं. तुमच्या पासष्टांतही अशी दहाएक डबल असणार. ती वेगळी काढून ठेवा, पुढे तीच कामाला येणार आहेत.

कार्ड पडायला गेम फक्त चालू असावा लागतो. काही जिंकावं लागत नाही, अचीव्हमेंट लागत नाही. कुठल्या गेमचे किती ड्रॉप (पडायची कार्डं) बाकी आहेत ते बॅजच्या पानावर दिसतं. फुकट मिळणाऱ्या गेमचं गणित वेगळं आहे: तिथे तुम्ही गेममध्ये पैसे खर्च कराल त्या प्रमाणात ड्रॉप मिळतात, सुमारे ९ डॉलरला एक. तेवढ्यासाठी कोणी फुकटच्या गेममध्ये पैसे घालणार असेल तर त्याला हात जोडावेत.

विकावं की नाही याचा निर्णय भावावर नाही, फीवर अवलंबून आहे, आणि बहुतेकांचं गणित इथेच फसतं. कम्युनिटी मार्केटमध्ये, म्हणजे स्टीमवरच्या खेळाडूंच्या आपसातल्या बाजारात, प्रत्येक विक्रीवर दोन फी लागतात: स्टीमची ५ टक्के आणि गेमच्या प्रकाशकाची १० टक्के. विकणाऱ्याला जे मिळतं त्यावर ही रक्कम चढवून खरेदीदाराचा भाव ठरतो, म्हणून तुम्हाला १ डॉलर हवा असेल तर लिस्टिंग (विक्रीला लावलेली नोंद) १.१५ ला लागतं. इथपर्यंत ठीक. पण दोन्ही फींची किमान मर्यादा प्रत्येकी १ सेंट आहे. कार्ड ३ सेंटला विकलं गेलं की २ सेंट फीत जातात आणि तुमच्या वॉलेटमध्ये १ सेंट येतो. कागदावर १५ टक्के, प्रत्यक्षात किमतीच्या दोन-तृतीयांश! ५ सेंटच्या कार्डावर ३ सेंट मिळतात. १० सेंटच्या कार्डावर ८. कार्ड २०-२२ सेंटच्या पुढे गेलं की कुठे खऱ्या टक्केवारीने फी लागायला सुरुवात होते.

हे कळलं की पुढचं आपोआप उलगडतं. ३ सेंटचं कार्ड तुम्ही विकलंत तर त्याची किंमत १ सेंट, तेच विकत घ्यायचं झालं तर ३ सेंट. एकच कार्ड, पण विकणाऱ्याच्या हातात त्याची जी किंमत आहे त्याच्या तिप्पट किंमत ते संच जुळवणाऱ्याच्या हातात आहे. म्हणजे ज्या गेमचा बॅज करायचा आहे त्याचं एकही कार्ड विकू नये, डबल असलं तरी. आणि ज्याचा बॅज करायचाच नाही त्याचं कार्ड सांभाळत बसू नये. सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट: डबल विकलं, आलेल्या पैशातून हवं ते घेतलं. तीन डबल विकावीत तेव्हा एक हवं असलेलं कार्ड येतं.

त्यापेक्षा अदलाबदल करा. एकाच संचातली कार्डं साधारण सारख्याच भावाची असतात, त्यामुळे एकास एक, गेम तोच, हा व्यवहार दोघांनाही परवडतो आणि ट्रेडवर कुठलीच फी नाही. पूर्वी यासाठी प्रत्येक गेमच्या चर्चेत जाऊन ‘माझ्याकडे हे आहे, ते हवं आहे’ असं लिहीत बसावं लागायचं. आता स्टीम ट्रेड मॅचरसारखी साइट तुमची डबल कार्डं आणि दुसऱ्यांची डबल कार्डं ताडून जोड्या लावून देते. स्टीम कार्ड एक्स्चेंज हा दुसरा पर्याय, तिथे बॉटकडे (आपोआप चालणाऱ्या खात्याकडे) कार्डांचा साठा असतो. दोन्हींसाठी तुमची इन्व्हेंटरी (तुमच्याकडच्या वस्तूंची यादी) सार्वजनिक ठेवावी लागते. साइटचा पत्ता स्वतः टाइप करून जा, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नको. अशा साइटवर ‘स्टीममधून साइन इन’ करताना पान खरोखर स्टीमच्याच पत्त्यावर आहे ना, ते बघायचं. जाता जाता: व्हॉल्व्हने २०१२ मध्ये यानिस वारूफाकिस या अर्थशास्त्रज्ञाला आपल्या आभासी बाजारांच्या अभ्यासासाठी घेतलं होतं, आणि टीम फोर्ट्रेस २ मधली टोप्यांसारख्या वस्तूंच्या विनिमयाची पद्धत हा त्यांच्या आवडीचा विषय होता. पुढे २०१५ मध्ये ते ग्रीसचे अर्थमंत्री झाले. टोप्यांच्या देवाणघेवाणीपासून एका देशाच्या कर्जापर्यंत!

ट्रेड असो वा विक्री, स्टीम गार्डचं मोबाइल ऑथेंटिकेटर (फोनवर लॉगिनचा कोड आणि व्यवहाराची मान्यता देण्याची सोय) लावलेलं नसेल तर आधी ते लावा. त्याशिवाय ट्रेड आणि लिस्टिंग दोन्ही १५ दिवसांपर्यंत अडकून राहतात. मार्केट वापरायला खात्यावर ७ दिवसांहून जुनी आणि वर्षाच्या आतली एखादी खरेदीही असावी लागते. वॉलेटमधले पैसे रोख काढता येत नाहीत, ते स्टीमवरच खर्च होणार, तेव्हा ‘यातून कमाई होते का’ या प्रश्नाचं सरळ उत्तर नाही असंच आहे. घेतलेल्या गेमवर मागाहून मिळालेली छोटी सूट समजा.

आता तुमची लेव्हल ४. संच पूर्ण करून बॅज केला की १०० एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) मिळतात, मग संच ५ कार्डांचा असो की १५ चा. पहिल्या दहा लेव्हलना प्रत्येकी १०० एक्सपी लागतात, पुढच्या दहांना २००, त्याच्या पुढच्या दहांना ३००, असं चढत जातं. म्हणून लेव्हल १० ला एकूण १,००० एक्सपी, ५० ला १५,००० आणि १०० ला ५५,०००, म्हणजे साडेपाचशे बॅज. तुम्हाला १० गाठायला सहा बॅज पुरतात. तेवढं जरूर करा. लेव्हल १० ला प्रोफाइलवर पहिला शोकेस (आवडीच्या गोष्टी मांडायची जागा) मिळतो, दर लेव्हलला मित्रयादीत पाच जागा वाढतात, आणि बूस्टर पॅक मिळण्याची शक्यता २० टक्क्यांनी चढते. (बूस्टरमध्ये त्याच गेमची तीन कार्डं असतात. त्या गेमचे ड्रॉप संपलेले असले आणि आठवड्यातून एकदा लॉगिन होत असलं की तुम्ही पात्र. दुसरं कोणी त्या गेमचा बॅज केला की पात्र लोकांपैकी एखाद्याला पॅक जातो. त्याची वाट बघू नका, आला तर आला.) दहाच्या पुढे जायचं का हा हौसेचा प्रश्न आहे. विसाच्या पुढे एका लेव्हलला तीन बॅज लागायला लागतात, आणि माझ्या मते तिथून पुढे हा खेळ फक्त आकडे वाढवण्याचा उरतो.

सहा बॅजसाठी गेम निवडताना लोक आवडीचे गेम निवडतात आणि पंधरा कार्डांच्या संचात अडकतात. लेव्हल हवी असेल तर लहान संच बघा. तुमच्या वीस गेमपैकी ५-६ कार्डांचे संच वेगळे काढा, त्यांतले ज्यांत तुमच्याकडे वेगवेगळी कार्डं जास्त आहेत ते सहा घ्या. सहाच्या संचात तीन कार्डं तुमच्याकडे असली तर तीन लागतील, सहा संचांची मिळून अठरा. निम्मी अदलाबदलीत येतील. उरलेली आठ-दहा विकत घ्या, ३-४ सेंटच्या हिशेबाने सगळा खर्च अर्ध्या डॉलरच्या आत बसतो. बॅजच्या पानावर उरलेली सगळी कार्डं एकदम घेण्याची सोय आहे, पण घाई नसेल तर प्रत्येक कार्डासाठी एक सेंट कमी भावाने बाय ऑर्डर (ठरावीक भावाला खरेदीची आगाऊ मागणी) लावून ठेवा. स्वस्त कार्डांत रोज कोणी ना कोणी कंटाळून विकतं, दोन-तीन दिवसांत बहुतेक ऑर्डरी भरतात.

विकत घेण्याआधी फुकटचे एक्सपी मात्र घ्या. खात्याच्या प्रत्येक वर्षाला ५० एक्सपी मिळतात, ते तुमच्या लेव्हलमध्ये आधीच धरलेले असतील. पण कम्युनिटीचा बॅज बहुतेकांचा अर्धवट पडलेला असतो. मित्र जोडणं, एखाद्या गेमचा रिव्ह्यू लिहिणं, स्क्रीनशॉट टाकणं असली किरकोळ कामं असतात त्यात. अर्ध्या तासात एखाद-दुसऱ्या संचाचे पैसे वाचतात.

एका गेमचा साधा बॅज पाच वेळा वाढवता येतो, आणि दर वेळी पूर्ण संच नव्याने लागतो. प्रत्येक पायरीला बॅजचं चित्र आणि नाव बदलतं. जीव लावून खेळलेल्या एखाद्या गेमसाठी हे करावंसं वाटलं तर करावं, ती मजा वेगळी. बॅजसोबत प्रोफाइलसाठी त्या गेमची एक पार्श्वभूमी आणि चॅटसाठी एक इमोटिकॉन मिळतं, कोणतं ते नशिबावर. जून २०२० मध्ये पॉइंट्स शॉप आल्यावर मात्र या बक्षिसांची ओढ कमी झाली. खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरला १०० पॉइंट मिळतात आणि त्या पॉइंटांवर हवी ती पार्श्वभूमी थेट घेता येते. तेव्हा नुसतं प्रोफाइल सजवायचं असेल तर कार्डांच्या नादी लागायची गरजच नाही.

फॉइल विका. फॉइलचा बॅज वेगळा असतो, त्यात साधी कार्डं चालत नाहीत, तो एकाच पातळीचा असतो आणि त्यालाही १०० एक्सपीच मिळतात. दोन वेगवेगळ्या गेमची एकेक फॉइल हातात असून संच करायचा म्हणजे बाकीची सगळी फॉइल विकत घेणं आलं. ते संग्राहकांचं काम, आणि तुमचं कार्ड घेणाराही तोच संग्राहक असतो. विकताना पानावरचा आलेख महिन्याभराचा बघा, एका दिवसाचा नको. फॉइलचे व्यवहार विरळ असतात, एखाद्याने घाईत मातीमोल भावाने टाकलेलं असतं आणि तोच शेवटचा भाव दिसतो. सर्वांत स्वस्त लिस्टिंगच्या खाली उडी मारू नका. आलेखात भाव जिथे रेंगाळतो तिथे लावा आणि विसरून जा. फोनवर मान्यता द्यायला मात्र विसरू नका, अन्यथा लिस्टिंग बाजारात जातच नाही. बाकीची, बॅजला न लागणारी कार्डंही एकदमच लिस्ट करा. ॲपमध्ये सगळ्या लिस्टिंग निवडून एका फटक्यात मान्य करता येतात.

जेम्सचा (कार्डं मोडून मिळणाऱ्या डिजिटल रत्नांचा) मोह होईल, कारण कार्डाच्या पानावरच ते मोडून जेम्स करण्याचं बटण असतं. ही सोय डिसेंबर २०१४ मध्ये आली, आणि सुरुवातीलाच जेम्स दुप्पट करण्याची पळवाट लोकांना सापडल्याने व्हॉल्व्हला जेम्सच्या बोलीवर चाललेला तेव्हाचा गेमचा लिलाव काही काळ थांबवावा लागला होता. मोडलेलं कार्ड परत येत नाही. चुकून फॉइल मोडलं तरी नाही. जेम्सपासून बूस्टर बनवता येतं, त्याचा दर ठरलेला आहे: ६,००० भागिले संचातली कार्डं. सहाच्या संचाला १,००० जेम्स, पंधराच्या संचाला ४००. एका गेमचं बूस्टर चोवीस तासांत एकदाच. आता समजा, हजार जेम्सची थैली मार्केटमध्ये ४० सेंटला आहे. सहाच्या संचाचं बूस्टर बनवून त्यातली तीन कार्डं विकायची, तर फी जाऊन प्रत्येकी १४ सेंट हातात यायला हवेत, म्हणजे भाव निदान १६ सेंट हवा. असे गेम असतात, विशेषतः फार थोड्या लोकांकडे असलेले. पण त्यांची कार्डं विकली जायलाही तेवढाच वेळ लागतो, आणि हा हिशेब करणारे तुम्ही एकटे नाही. ज्या कार्डाला गिऱ्हाईकच नाही, अदलाबदलीतही कोणी घेत नाही, तेवढंच मोडा.

राहिला प्रश्न गेम नुसता चालू ठेवण्याचा. स्वतःचा गेम मेन्यूवर उघडा ठेवून बाकीचे तीन ड्रॉप घेतले तर त्यात गैर काही नाही, पण काय मिळतं ते बघा: तीन कार्डांचे तीन सेंट. तितक्यासाठी कॉम्प्युटर रात्रभर तापवायचा का, हे विजेचं बिल बघून ठरवा. गेम न उघडताच तो चालू असल्याचं भासवणारी आर्चीस्टीमफार्मसारखी साधनं आहेत, मुक्त-स्रोत आहेत, आणि वर्षानुवर्षं वापरली जातात. तरी दोन गोष्टी ध्यानात असू द्या. एक, अशा साधनाला तुमचं लॉगिन द्यावं लागतं, त्यामुळे नावाशी मिळतीजुळती नक्कल उतरवून घेतलीत तर खातं त्याच रात्री गेलं समजा. दोन, मार्केटचे व्यवहार बॉटकडून आपोआप करून घ्यायला स्टीमच्या करारात मनाई आहे. कार्डं पाडणं आणि ती आपोआप विकणं यांत फरक आहे, आपोआप विकण्याच्या वाटेला जाऊ नका.

या नादाचा अतिरेक कुठवर गेला होता, तेही सांगतो. काही लोक गेमच्या नावाखाली कचरा तयार करून स्टीमवर आणायचे, त्याच्या हजारो की (इथे गेम खात्यात घालणारे कोड) काढून बॉट खात्यांना वाटायचे, बॉट रात्रंदिवस ते ‘खेळायचे’ आणि पडलेली कार्डं मार्केटमध्ये विकली जायची. खरा खेळाडू एकही नाही, तरी पैसे येतात. वर प्रकाशकाची १० टक्के फीही त्यांनाच! मे २०१७ मध्ये व्हॉल्व्हने यावर उपाय केला: गेम खरी माणसं विकत घेऊन खेळत आहेत अशी खात्री पटेपर्यंत त्याची कार्डं पडतच नाहीत. त्याच वर्षी जूनमध्ये ग्रीनलाइट (खेळाडूंच्या मतांवर नवे गेम निवडण्याची पद्धत) बंद होऊन प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरण्याची पद्धत आली, आणि २०१८ पासून नव्या गेमच्या पानावर ‘प्रोफाइल फीचर्स मर्यादित’ अशी सूचना दिसू लागली.

याचा तुमच्याशी संबंध एवढाच की एखादा नवा, छोटा गेम तासन् तास खेळूनही कार्ड पडत नसेल तर तुमच्या खात्यात बिघाड आहे असं समजू नका. पानावर ती सूचना असेल तर त्या गेमला सध्या कार्डंच नाहीत. कार्डं आहेत पण पडत नाहीत असं असेल तर एक तर गेम अजून त्या खात्रीच्या रेषेखाली आहे, किंवा तुम्ही तो नुकताच घेतला आहे आणि परतावा मागता येतो ते पहिले दोन तास अजून भरलेले नाहीत. गेम रेषेच्या वर गेला की आधी खेळलेल्या वेळाचीही कार्डं मिळतात, तोवर पुन्हा खेळत बसायची गरज नाही.